मालदीवला कामाला निघालेल्या मराठी इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींना खुलं पत्र

मित्रांनो, मैत्रिणींनो, नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन पोरांचे फोन आले, दादा मालेची ऑफर आलीय, जाऊ का? तिघांनाही मी जा म्हटलं. पगार बरा आहे, शिकायला भरपूर मिळतं आणि माणसं खूप चांगली आहेत, यात काही खोटं नाही. पण फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी वाटलं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितोय, म्हणजे त्या तिघांपर्यंत पण पोचेल आणि तुमच्यातले जे आधीच तिकडे आहेत, कुणी पुलावर, कुणी टॉवरवर, कुणी भरावाच्या कामावर, त्यांच्यापर्यंत पण.

मी २०१३ ते २०१९ तिकडे होतो, आधी राजधानी माले, मग तिच्या शेजारचं भराव घालून केलेलं बेट हुलुमाले. साईट इंजिनिअर म्हणून गेलो आणि प्रोजेक्ट मॅनेजर होऊन परत आलो. गाव अलिबागजवळचं, त्यामुळे समुद्र काही नवा नव्हता. तरी विमान खाली यायला लागलं आणि खिडकीतून माले पहिल्यांदा दिसलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण पाण्यात एक शहर उभं होतं आणि त्याच्या कडेला किनाराच नव्हता, इमारत संपली की समुद्र. जेमतेम २ चौरस किलोमीटरचं बेट, त्यातलं निम्मं तर भराव घालूनच वाढवलेलं. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५ लाख १५ हजारांच्या आसपास निघाली आणि त्यातले ४१ टक्के लोक माले, हुलुमाले आणि शेजारचं छोटं बेट विलीमाले एवढ्यातच राहतात. बाकी जवळपास बाराशे बेटं, वस्ती असलेली दोनशेपेक्षा कमी, आणि जमीन बहुतेक ठिकाणी समुद्रापासून मीटर-दीड मीटर वर.

आता मुद्द्याचं सांगतो. आपल्याकडे साईटवर काम करताना आपल्या डोक्यात कायम एक 'बाहेर' असतं. खडी बाहेरून येते, पाणी कमी पडलं तर टँकर बाहेरून येतो, डेब्रिज बाहेर जातं. कुठून आलं आणि कुठे गेलं हे आपण विचारत नाही, ट्रक गेटमधून गेला की विषय संपला. बेटावर हा 'बाहेर' नसतोच. जे आणाल ते जहाजाने आणाल, जे टाकाल ते डोळ्यासमोर राहील. हे मला कळायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात मी एक चूक केली, ती पुढे सांगतो.

वाळूचंच घ्या. चारी बाजूंनी पांढरी वाळू असलेल्या देशात काँक्रीटसाठी वाळू आणि खडी भारतातून जाते. १९८१ च्या व्यापार कराराखाली आपलं सरकार दरवर्षी कोटा ठरवून देतं, २०२४-२५ साठी नदीची वाळू १० लाख टन आणि खडी १० लाख टन असा कोटा होता. म्हणजे तिथे तुम्ही कॉलम विनाकारण जाडा धरलात, किंवा शटरिंग नीट नाही म्हणून तोडून परत ओतलात, तर आपल्याकडच्या कुठल्यातरी नदीचं पात्र तेवढं जास्त उपसलं जातं. आणि तोडलेलं काँक्रीट जातं तिलाफुशीला. तिलाफुशी म्हणजे मालेच्या पश्चिमेला कचरा टाकून टाकून उभं केलेलं बेट, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून. मी होतो तेव्हा तिथे उघड्यावर कचरा जळायचा आणि वारा फिरला की संध्याकाळी गच्चीवरून तो धूर स्पष्ट दिसायचा. त्या धुरात माझ्या साईटच्या सिमेंटच्या गोण्या पण होत्या.

पाण्याचं तर कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. समुद्राजवळच्या वाडीतली विहीर आपण जपून वापरतो, कारण पंप जास्त वेळ चालवला की खालचं खारं वर येतं आणि मग दोन पावसाळे गेले तरी ती विहीर सुधारत नाही. मालदीवचं प्रत्येक बेट म्हणजे अशी एक विहीर समजा. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थरासारखं तरंगत राहतं. मालेत माणसं वाढली, उपसा वाढला, सांडपाणी खाली मुरलं आणि तो थर गेला. आता अख्खं शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लॅन्टवर जगतं आणि प्लॅन्ट चालतो जहाजाने आणलेल्या डिझेलवर. एका नळाच्या मागे केवढी साखळी आहे बघा.

तर ती चूक. २०१४ च्या सुरुवातीला आमची मालेत एक दहा मजली बिल्डिंग चालू होती. आर्किटेक्टने गच्चीवरचं पावसाचं पाणी धरायला खाली टाकी दाखवली होती, पाइप उतरवायला स्लॅबमध्ये स्लीव्ह पण सोडून झाले होते. काम बजेटच्या बाहेर जायला लागलं तसा वरून निरोप आला, काय काय कमी करता येईल ते काढ. मी बीओक्यू, म्हणजे कामांची आणि खर्चाची यादी, घेऊन बसलो आणि टाकी काढली. नळाला चोवीस तास पाणी आहे, टाकी कशाला, त्या जागेत अजून चार मोटरसायकली लागतील, असं मीच लिहून दिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, उलट माझं कौतुक झालं.

त्याच वर्षी ४ डिसेंबरला मालेच्या पाणी कंपनीच्या प्लॅन्टमध्ये आग लागली आणि लाखभर माणसांच्या शहराचे नळ बंद झाले. बंद म्हणजे काय तर थेंब नाही. दुसऱ्या दिवशीपासून भारतातून विमानांनी पाणी यायला लागलं, नौदलाची आयएनएस सुकन्या आली, ऑपरेशन नीर नाव होतं त्याचं, तुमच्यातल्या काहींना बातम्या आठवत असतील. मी बाटल्यांच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमच्याच बिल्डिंगच्या समोर राहणारी एक म्हातारी होती, तिच्या बेटावरच्या घरी पत्र्याला पन्हळ लावून टाकी भरलेली असते असं ती कुणाला तरी सांगत होती, तिथे बहीण आहे, तिच्याकडे जाते म्हणाली. मला धिवेही, म्हणजे तिकडची भाषा, तेव्हा जेमतेम कळायची पण हे सगळं कळलं. रात्री खोलीवर येऊन मी हिशोब केला. मालेत वर्षाला पाऊस सरासरी दोन हजार मिलीमीटरच्या आसपास, आमची गच्ची २०० चौरस मीटर, म्हणजे वर्षाला ४ लाख लिटर पाणी. थोडं वाया गेलं धरा, तरी तीन लाख. जानेवारी ते एप्रिल पाऊस कमी असतो, पण डिसेंबरात ती टाकी भरलेली असती. चार मोटरसायकलींच्या जागेत ते पाणी होतं.

म्हणून पहिली विनंती अशी की बजेट कापायला बसाल तेव्हा पाण्याची टाकी, सोलरसाठी गच्चीत सोडलेली जागा, सांडपाण्याची नीट व्यवस्था, यांच्यावर पेन जाऊ देऊ नका. लॉबीतलं ग्रॅनाइट कापा. आणि कापायला सांगितलंच तर निदान कागदावर लिहून द्या की हे काढू नये असं माझं मत आहे. मी तेवढं सुद्धा केलं नव्हतं.

भरावाबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमच्यातले बरेचजण त्याच कामावर जाणार. हुलुमालेचा भराव १९९७ ला सुरू झाला, २००४ ला माणसं राहायला आली, दुसरा टप्पा २०१५ ला पूर्ण झाला. मी तिथे राहिलोय आणि ते गाव मला आवडायचं. मालेत ज्या मुलांना सायकल चालवायला जागा नव्हती ती तिथे रस्त्यावर खेळताना बघितलीत. समुद्रापासून साधारण २ मीटर उंच केलंय, आजूबाजूच्या बेटांपेक्षा उंच, विचार करून केलेलं काम आहे. त्यामुळे भराव म्हणजे पापच असं मी म्हणणार नाही, मुंबईसारख्या भरावावर उभ्या शहराशी संबंध असलेल्या माणसाने ते म्हणूही नये.

पण भरावासाठीची वाळू येते कुठून ते बघा. ती बाहेरून नाही आणत, बेटांभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यातूनच ड्रेजर, म्हणजे तळातला गाळ उपसणारं जहाज, ती शोषून घेतं. ही बेटं बनलीच मुळात प्रवाळापासून. प्रवाळाचे तुकडे होतात, पोपटमासा प्रवाळ खरवडून खातो आणि पांढरी वाळू होऊन ती त्याच्या पोटातून बाहेर पडते, तिकडच्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू अशी आलेली आहे. म्हणजे बेटाचा कारखाना म्हणजे ते रीफ, तो प्रवाळाचा कडा. लाटा पण तेच अडवतं. ड्रेजिंग करताना जो गढूळ लोट उठतो तो आजूबाजूच्या प्रवाळावर बसतो, प्रवाळाला उजेड मिळत नाही, आणि १९९८ आणि २०१६ ला समुद्र तापून पांढरं पडलेलं प्रवाळ आधीच कसंबसं उभं राहतंय. समुद्र वाढणार म्हणून जमीन उंच करायची आणि ती करताना समुद्राला अडवणारी भिंत मारायची, हे गणित मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

याचा अनुभव मालेने घेतलाय. बेट वाढवता वाढवता भराव रीफच्या पार कडेपर्यंत नेला, म्हणजे लाट जिथे मोडायची ती उथळ जागाच इमारतींखाली गेली. एप्रिल १९८७ मध्ये लांबच्या वादळाच्या लाटा आल्या आणि त्या सरळ शहरात शिरल्या. त्यानंतर जपानच्या मदतीने बेटाभोवती बंधारे आणि टेट्रापॉड टाकले, काम २००२ पर्यंत चाललं. मरीन ड्राइव्हवर आपण ज्यांच्यावर बसून भुट्टा खातो तसलेच, फक्त तिथे शहराचा जीव त्यांच्यावर आहे. २००४ च्या त्सुनामीत पाणी मालेत शिरलंच, पण त्या भिंतीमुळे बरंच निभावलं असं तिकडचे लोक सांगतात. फुकट काम करणारं रीफ आपण काढलं आणि त्याच्या जागी काँक्रीट ठेवलं, जे स्वतःहून वाढत नाही, त्याची दुरुस्ती कुणीतरी कायम करत राहायची.

आणि वाळू तिथे एका जागी बसत नाही हेही लक्षात ठेवा. हुलंगु म्हणजे नैऋत्येचा वारा सुरू झाला की बेटाची वाळू एका बाजूला सरकते, इरुवै म्हणजे ईशान्येचा आला की परत फिरते. दर वर्षी बेट असं थोडं कूस बदलतं. आपण एका हंगामात सर्व्हे करतो, पुळण इकडे आहे म्हणून धक्का तिकडे बांधतो, आणि फिरणारी वाळू अडकून दुसऱ्या बाजूची माडाची मुळं उघडी पडतात. मग तिथे बंधारा, मग त्याच्या पुढे परत धूप. आपल्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचं हेच चालू आहे, वेगळं सांगायला नको. तेव्हा सर्व्हे दोन्ही वाऱ्यांत करा. कन्सल्टंट म्हणेल वेळ नाही. तुम्ही तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला अर्धा तास विचारा, तो बोटाने वाळूत नकाशा काढून दाखवतो, मला दाखवलाय.

कुळुदुफ्फुशीची गोष्ट मात्र मला फार लागते. उत्तरेकडचं बेट आहे, तिथे मोठी पाणथळ होती, खारफुटीची. तिथल्या बायका नारळाची सोडणं त्या चिखलात पुरून कुजवायच्या आणि मग कुटून काथ्या वळायच्या. वेंगुर्ल्याकडच्या कुणाला हे वेगळं समजावून सांगायला नको, खाडीत सोडणं कुजवायची तीच पद्धत, तोच वास. त्या पाणथळीचा मोठा भाग विमानतळासाठी बुजवला आणि २०१९ ला विमानतळ चालू झाला. लोकांना विमानतळ हवाच होता, आजारी माणसाला मालेला न्यायला बोटीचे तास मोजावे लागत असतील तर कोण नको म्हणेल. पण पावसाचं पाणी जिथे जाऊन थांबायचं आणि बायकांच्या हातात चार पैसे जिथून यायचे ती एकच जागा होती, आणि ड्रॉइंगवर तिचं नाव बहुतेक 'रिकामी जागा' असणार. आपण इंजिनिअर लोक प्लॅनवर हिरवा-निळा डाग बघतो आणि फिल किती लागेल ते काढतो. तिथे कोण काय करतं हा कॉलम आपल्या शीटमध्ये नसतो. तो घाला.

चांगलं पण बघितलंय. त्सुनामीत कंदोळुदू नावाचं खच्चून भरलेलं छोटं बेट राहण्यालायक उरलं नाही, तिथले लोक जवळपास चार वर्षं तात्पुरत्या घरांत होते, आणि मग दुवाफरू या रिकाम्या बेटावर रेड क्रॉस-रेड क्रेसेंटच्या मदतीने सुमारे ६०० घरांचं नवं गाव वसवलं, डिसेंबर २००८ मध्ये माणसं राहायला गेली. शाळेसकट. अख्खं गाव एकत्र उठून दुसरीकडे गेलं, मालेत विखुरलं नाही. मला यातच खरं प्लॅनिंग दिसतं. लोक मालेला हौसेने येत नाहीत, पोराची शाळा आणि आईचं हॉस्पिटल तिथे आहे म्हणून येतात, एका खोलीत आठजण राहतात आणि पगारातला मोठा हिस्सा भाड्यात घालवतात. तालुक्याला दवाखाना नाही म्हणून पुण्या-मुंबईला खोली करून राहणारी माणसं आपण लहानपणापासून बघतोय. तिकडच्या बेटांवर बरी शाळा, बरा डॉक्टर आणि रोज वेळेवर सुटणारी बोट एवढं दिलं तर मालेला अजून किती टॉवर लागतील हा हिशोबच बदलेल. हे सरकारने करायचं काम आहे, कबूल. पण तुम्ही मीटिंगमध्ये बसता, रिपोर्ट तुम्ही लिहिता, आणि आत्ताचे राष्ट्राध्यक्ष स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहेत, पीएचडी केलेले. तिकडे इंजिनिअरचं म्हणणं ऐकलं जातं. तेव्हा बोला.

घरांबद्दल आर्किटेक्ट मंडळींना एक सांगायचंय. तिकडे घरात उंधोली असते, दोरांनी टांगलेला मोठा पाट, आपला झोपाळाच. दुपारी म्हातारी त्यावर बसून पान लावते, रात्री पोरगं झोपतं. हुलुमालेत एका फ्लॅटचा ताबा देताना मी होतो. त्या कुटुंबाने बेटावरून उंधोली आणली होती, धोणीतून (आपली डोणीच ती). बाल्कनी एक मीटरची, बसेना. हॉलमध्ये टांगली तर दार उघडेना. शेवटी घरातल्या बाईने ती भिंतीला उभी टेकवून ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली, माझी मान खाली गेली. तो प्लॅन ठाण्याच्या कुठल्या तरी प्रोजेक्टवरून उचललेला होता हे मला माहीत होतं. पश्चिमेला मोठ्या काचा, सज्जा नाही, आरपार हवा नाही, म्हणून एसी, म्हणून डिझेल. अडीच मीटरची पडवी आणि समोरासमोर खिडक्या दिल्या असत्या तर झोपाळा पण बसला असता आणि बिल पण कमी आलं असतं. घर कसं वापरतात ते आधी जाऊन बघा, चहा प्या त्यांच्याकडे, मासहुनी (मासा-खोबऱ्याचा नाश्ता) खा, मग पेन्सिल उचला.

आणि कामगारांच्या खोल्या. हे लिहिताना हात जड होतो. १० नोव्हेंबर २०२२ ला मालेत एका इमारतीला आग लागली, खाली गॅरेज आणि वर बाहेरून आलेल्या कामगारांच्या खोल्या, १० माणसं गेली, त्यातली बरीच भारतीय होती. मी तसल्या खोल्या आतून बघितल्यात, बंकवर बंक, खिडकी नाही, एक जिना. ज्या माणसाने दिवसभर आपल्या स्लॅबला व्हायब्रेटर मारला तो रात्री तिथे झोपतो. शहराच्या शाश्वत विकासावर प्रेझेंटेशन करताना त्या माणसाची खोली कुठल्याच स्लाईडवर नसते. तुम्ही गेलात की पहिल्या आठवड्यात आपल्या साईटच्या लेबरची खोली स्वतः जाऊन बघा, दुसरा जिना आहे का, खाली काय साठवलंय. नसेल तर ते काम थांबवण्याइतकं मोठं कारण आहे, आणि तुमच्या सहीशिवाय पुढचं बिल निघत नाही हे विसरू नका.

नवीन कामं भरपूर येतायत. मालेपासून विलीमाले, गुल्हीफाल्हू करत तिलाफुशीपर्यंत पावणेसात किलोमीटरचा पूल भारताच्या पैशाने आणि मुंबईच्याच कंपनीच्या हातून होतोय, दक्षिणेकडच्या आड्डूला भराव झाला, रास माले या भरावाच्या नव्या शहराचं काम निघालं. प्रत्येकाचा पर्यावरण रिपोर्ट असतो, लोकांच्या सूचनांसाठी तो खुला होतो. जॉइन व्हायच्या आधी आपल्या प्रोजेक्टचा तो रिपोर्ट पूर्ण वाचा, निदान ड्रेजिंगचा आणि कचऱ्याचा भाग. त्यात लिहिलेल्या अटी साईटवर पाळल्या जातात का ते बघणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता, गाळ अडवायचा पडदा लावलाय का, लोट रीफकडे चाललाय का, हे ऑफिसातून दिसत नाही.

शेवटी एक काम सांगतो. ती दहा मजली बिल्डिंग अजून तिथेच आहे. स्लॅबमध्ये सोडलेले स्लीव्ह आम्ही वरून झाकण लावून बंद केले होते, काँक्रीटने भरले नव्हते, आणि तळमजल्यावर टाकीच्या जागेत मोटरसायकली लागतात. जमिनीखाली आता शक्य नाही पण तिथेच वर ठेवायच्या टाक्या बसतात, मी माप काढून ठेवलंय. तुमच्यातल्या कुणाला मालेत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि सोसायटीला तयार करायची तयारी असेल तर मला मेसेज करा. ड्रॉइंग, पाइपचा साईज, फिल्टरचा तपशील, सगळं देतो, आणि गरज पडली तर स्वतःच्या तिकिटाने येतो.

तुमचाच,
अलिबागकडचा एक सिव्हिल इंजिनिअर